रिकामा तराजू

आमच्या अब्बांचे किराणा मालाचे दुकान होते. सकाळी दुकान उघडले की ते आधी रिकामा तराजू उचलून पाहत. दोन्ही पारडी समान आली, की मगच पहिले गिऱ्हाईक. "माप गिऱ्हाइकासमोर चुकत नाही, ते आधीच चुकलेलं असतं," असे ते म्हणत. पुढे मी शिक्षक झालो, तरी या बोलण्याचा अर्थ कळायला फार वर्षे लागली.

नववीच्या विज्ञानाच्या पेपरात प्रश्न होता : लोखंड का गंजते? गुण तीन. घरी दखनी बोलणाऱ्या एका मुलाने लिहिले, 'लोखंडाला हवा आणि ओल लागली की गंज पकडतो.' मी 'पकडतो'खाली लाल रेघ ओढली आणि एक गुण दिला. दुसऱ्याने पुस्तकातले वाक्य सुबक अक्षरात उतरवले होते. त्याला तीन. पेपर मिळाल्यावर तो मुलगा टेबलापाशी आला. "सर, उत्तर चुकलं का बोलणं चुकलं?"

मी गप्प झालो. मीही त्याच बोलीत वाढलो होतो.

१९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या अभ्यासकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली. गुणांत तिसाहून अधिक फरक पडला. भाषेत असे व्हायचेच, असा आक्षेप आला, म्हणून त्यांनी पुढे भूमितीचा पेपर दिला. तिथे फरक आणखी वाढला. गणितातही तपासणाऱ्याचा हात असतो, तो असा.

आपल्या बोर्डात गुणपडताळणी वेगळी आणि पुनर्मूल्यांकन वेगळे. पहिलीत बेरीज पाहतात, दुसऱ्यात निर्णय. माझी बेरीज अचूक होती, पण मी विज्ञानाच्या पारड्यात भाषा तोलली होती. अचूकपणा म्हणजे न्याय नव्हे, हे खरे. पण अचूकपणा सोडून केलेली दयाही न्याय ठरत नाही. चौतीसवर अडकलेल्याला गुपचूप एक गुण दिला, तर तेहतीसवाल्याने काय गुन्हा केला? सवलत द्यायचीच, तर ती सर्वांना ठाऊक असलेल्या नियमाने द्यावी.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला. मला हा निकाल शिक्षकाचा अपमान वाटत नाही. गिऱ्हाइकाला काटा दिसेल असा तराजू धरणे, एवढाच त्याचा अर्थ.

त्या मुलाला मी तीन गुण दिले आणि वर्गाचा सगळा गठ्ठा पुन्हा तपासला. आणखी चौघांचे गुण वाढले. आता नावाचे पान दुमडून ठेवतो. सर्वांचा पहिला प्रश्न तपासून झाला, की मगच दुसऱ्याला हात घालतो. वेळ जास्त लागतो. अब्बांनाही सकाळी दुकान उघडायला थोडा उशीरच होत असे.