वाडा कोणाचा?

‘हे घर माझे’ असे कोणी म्हटले की आपण मुकाट्याने मान डोलावतो. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा पाहिला की संपले. परंतु ‘हा गढीकोट माझा’ असे कोणी म्हटले तर मनात काहीतरी अडखळते. कागद तेच, शिक्का तोच, आणि तरीही कागदाबाहेर पुष्कळ काही शिल्लक उरल्यासारखे वाटते. ते काय असावे?

वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणिसांचा वाडा पाहताना या प्रश्नाने मला प्रथम गाठले. नानांच्या पश्चात तो त्यांच्या वंशजांच्या खाजगी मालकीत राहिला. एकामागून एक चौक, जाड भिंती, मागे कृष्णेचा देखणा घाट. घाटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या स्वारीतली. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि 1707 हे साल आहे. आता ही घंटा कोणाची म्हणावी? ओतणाऱ्याची, चर्चची, जिंकणाऱ्यांची, नानांची, की ती सांभाळीत आलेल्या घराची? आणि वाडा तरी? नाना 1800 साली वारले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. मागे राहिलेल्या जिऊबाई तर अगदी पोरवयाच्या. पुढे दत्तक घेऊन घराणे चालले. म्हणजे ज्याला आपण रक्ताचा वारसा म्हणतो, तो इथे रक्ताचा नव्हताच. राखण करायला कोणीतरी हवे होते आणि घराने ते माणूस शोधले, इतकेच.

मालकी म्हणजे राखण, असे म्हणून टाकणे सोपे आहे. राखणदाराला पगार लागतो, ही गोष्ट मात्र आपण विसरतो. जुने वाडे इनामांवर, वतनांवर उभे होते. म्हणजे कुळांच्या घामावर. 1950 नंतर ती वतने आणि इनामे कायद्याने गेली आणि गेली ते बरेच झाले. माझे आजोबा कूळच होते. पण उत्पन्न गेले आणि छप्पर राहिले. दर पावसाळ्यात कौले उतरवायची, वासे पाहायचे, वाळवी काढायची, हे सारे नोकरदार वंशजाने आपल्या महिन्याच्या मिळकतीतून करायचे, आणि आपण पाहुण्यांनी तिकिटाच्या चार पैशांवरून कुरकुर करायची!

‘मग सरकारने घ्यावेत,’ असे आमच्या शिक्षकांच्या खोलीत हमखास कोणीतरी म्हणते. मी त्यांना चाकणकडे बोट दाखवतो. तिथला संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 च्या पावसाळ्यात शाइस्तेखानाच्या अफाट फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. त्या कोटाला ना भाऊबंदकी, ना वाटणी, ना वारसाहक्काचा तंटा, तो सगळ्यांचाच. आज पाहायला जा: थोडी तटबंदी, थोडा खंदक आणि चहूकडून रेटणारे गाव. सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नव्हे, असे मी म्हणणार नाही. पण सगळ्यांपैकी झाडू कोण मारणार, एवढे तरी ठरायला हवे.

आमच्याच तालुक्यात वाफगावचा होळकरांचा भुईकोट आहे. यशवंतराव होळकरांचा जन्म 1776 साली तिथला. त्या कोटात रयत शिक्षण संस्थेची शाळा कित्येक वर्षे भरत होती. मास्तर असल्यामुळे असेल, पण किल्ल्याचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही. अर्थात पोरे भिंतीवर नावे कोरतात, फळ्यासाठी खिळे ठोकावे लागतात. वापरली की वस्तू झिजणारच.

मी फ्रान्सला गेलेलो नाही, जाण्याचा संभवही नाही. पण तिथल्या व्हिलांद्री नावाच्या गढीविषयी वाचले आणि चकित झालो. मध्ययुगीन कोटाचा एक बुरूज तेवढा ठेवून सोळाव्या शतकात राजाच्या एका खजिनदाराने नवा वाडा उठवला. म्हणजे तोही एका फडणिसाचाच! 1906 मध्ये जोआकिम कारव्हालो या स्पॅनिश डॉक्टराने ती मोडकळीला आलेली वास्तू विकत घेतली. चालते संशोधन सोडून तो आणि त्याची अमेरिकन पत्नी ती सावरीत बसली. फुलांच्या जोडीने त्याने कोबी, लाल पानांचे बीट, भोपळे यांचे चौकटीचौकटींचे वाफे नक्षीसारखे मांडले. कांदाबटाट्याच्या मुलखातल्या माणसाला हे वाचून गंमत वाटणारच. 1924 मध्ये त्याने जुन्या वास्तूंच्या मालकांची संघटना काढली आणि वाड्यांची दारे लोकांना उघडावीत असा आग्रह धरला. वाडा आजही त्याच घराण्याकडे आहे.

पण कारव्हालोला पैसा होता, हे सांगायलाच हवे. शिवाय त्या देशातही वारसांमध्ये समान वाटणीचा कायदा 1804 पासून आहे, आणि खरी गाठ तिथेच आहे. वाडा अखंड राहावा तर तो एकाच्या हाती राहायला हवा, आणि न्याय व्हावा तर तो सगळ्यांत वाटला जायला हवा. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, आणि नेमक्या त्याच एकमेकींच्या मुळावर येतात.

काही वर्षांपूर्वी भीमेकाठच्या एका गावातल्या वाड्याच्या वाटणीला मला बसवले होते. अक्षर चांगले, म्हणून लिहून घ्यायला. थोरल्या भावाने आयुष्यभर त्या वाड्याची कौले शाकारली होती. वाडा मोडू नये म्हणून त्याने अक्षरशः हात जोडले. धाकटी बहीण ओटीवर बसली होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलीचे शिक्षण अर्धवट. 2005 च्या कायद्याने तिचा हिस्सा भावाइतकाच होता. कारखान्यांमुळे जागेचे भाव असे चढले होते की तिला तिच्या हिश्श्याचे पैसे देणे भावाला सात जन्मांत जमले नसते.

‘गुरुजी, तुम्हीच सांगा,’ ती म्हणाली. ‘भिंती जपायच्या की माझी पोर?’

मी तिच्या बाजूने बोललो. आजही तसेच बोलेन. थोरल्याने सही केली, पेन टोपण लावून मला परत दिले आणि आत जाऊन तो देवघरातला दिवा विझला की काय ते पाहून आला.

वाडा त्याच उन्हाळ्यात उतरवला. सागवानी खांब एका व्यापाऱ्याने नेले. त्यांतले दोन आता महामार्गावरच्या एका हॉटेलच्या दाराशी उभे आहेत. त्यांना चकचकीत पॉलिश केले आहे. बहिणीची मुलगी नर्स झाली. परवा बसमध्ये भेटली तेव्हा तिच्याशी मी पुष्कळ बोललो. वाड्याचा विषय मात्र तिनेही काढला नाही आणि मीही नाही.