आपला हात जगन्नाथ

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण आपण दोन अर्थांनीं वापरतों. स्वतःच्या हातांनीं राबणाऱ्याला कोणाच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं, हा तिचा सरळ अर्थ; आणि वाढण्याची पळी स्वतःच्याच हातीं आली म्हणजे मनुष्य आपल्या पानांत हवें तेवढें वाढून घेतो, हा खोचक अर्थ. एकांत स्वावलंबनाची स्तुति आहे, दुसऱ्यांत स्वतःला दिलेल्या सवलतीची थट्टा. हे दोन अर्थ एकाच म्हणीच्या पोटांत कां नांदतात, याचा उलगडा आम्हांला ग्रंथांत झाला नाहीं. तो गेल्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत, आमच्या भाच्याच्या घराला लागून असलेल्या गॅरेजमध्यें झाला.

भाच्याजवळ दोन दारांची, जमिनीलगत धावणारी एक स्पोर्ट्‌स कार आहे. त्या प्रांतांत हिवाळ्यांत बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यानें लोखंड गंजतें, आणि थंडीनें रस्त्यांना पडलेले खड्डे गाडीच्या सांध्यांचा अंत पाहतात. गाडीच्या पुढच्या चाकांवरील स्ट्रट व स्प्रिंगा वापरानें थकल्या होत्या. त्या घरींच बदलावयाच्या असा भाच्याचा निश्चय होता. “मामा, दोन दिवस मला हात द्या,” असें तो म्हणाला. आणि जन्मभर खडूखेरीज दुसरें हत्यार न धरलेले आम्ही मोठ्या उत्साहानें बाह्या सरसावून उभे राहिलों.

हा स्ट्रट कसा असतो हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन इंजिनियराचें नांव त्याला मिळालें आहे. १९५० सालीं इंग्लंडांत पुढें आलेल्या फोर्डच्या कॉन्सल व झेफिर या गाड्यांत हीच रचना होती. एकच खांब; पण त्याच्याभोंवतीं गुंडाळलेली स्प्रिंग गाडीचा भार झेलते, त्याच्या पोटांतील तेलांत फिरणारा दट्ट्या उसळी शमवितो, आणि तोच खांब चाकाला उभें धरतो. आमच्या भाच्याच्या गाडींत त्याचें खालचें टोंक चाकाच्या जोडाला दोन बोल्टांनीं बांधलेलें होतें. हे दोन बोल्ट निसटले तर चाकानें कोणाच्या आधारानें उभें राहावें?

कामांतील भयंकर भाग आम्हांला आधींच सांगितला होता, तो स्प्रिंगेचा. रॉबर्ट हूकनें १६७६ सालीं कूट अक्षरांत दडविलेला व १६७८ सालीं उघड केलेला नियम असा कीं, स्प्रिंग जेवढी ताणावी किंवा दाबावी तेवढ्या प्रमाणांत ती विरोध करते. एक मिलिमीटर दबण्यास २५ न्यूटन घेणारी स्प्रिंग १० सेंटिमीटर दाबली, तर ती सुमारें अडीचशें किलोंच्या भाराइतक्या जोरानें उसळूं पाहते. ती शिकंजांत आवळून माथ्यावरचा नट सोडतांना आम्ही दोघे श्वास रोखून होतों. गाडीही नुसत्या जॅकवर नव्हे, तर भक्कम स्टँडांवर टेकविली होती. तेथें आमच्या हातून चूक झाली नाहीं. कारण तें संकट डोळ्यांना दिसत होतें, आणि तें आमच्याच अंगावर येणारें होतें.

चूक, किंवा चुकीची शंका, आली ती निराळ्याच वाटेनें. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं डाव्या चाकाचे ते दोन बोल्ट ठरीव जोरानें आवळण्याचें काम आमच्याकडे होतें. टॉर्क रेंच नांवाचा पाना हवा तेवढा जोर लागतांच ‘टक्’ असा आवाज करतो. पहिल्या बोल्टाचा आवाज आम्हांला स्पष्ट आठवत होता. मग चहा आला, गप्पा निघाल्या, चाक चढलें, गाडी खालीं उतरली. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर दुसऱ्या बोल्टाचा आवाज कांहीं केल्या आठवेना. सकाळीं भाचा चाकांचें अलाइनमेंट करून घेण्यास गाडी नेणार होता, आणि त्याच फेरींत धाकटीला शाळेंत सोडणार होता.

डब्ल्यू. के. क्लिफर्ड यानें १८७७ सालीं श्रद्धेच्या नीतीवर लिहिलेल्या निबंधांत एक जहाजमालक उभा केला आहे. आपलें जहाज जुनें झालें आहे ही शंका त्याला येते. पण खर्च टळावा म्हणून तो मनाची समजूत घालतो आणि जहाज हाकारतो. क्लिफर्डचें म्हणणें असें कीं, जहाज सुखरूप पोंचलें असतें तरी त्या माणसाचा दोष तिळभर कमी होत नाहीं. हा निबंध आम्ही वर्षानुवर्षें वर्गांत शिकविला आहे. त्या रात्रीं मात्र आम्ही त्याच जहाजमालकासारखे स्वतःशीं बोलत होतों: ‘दुसराही आवळलाच असेल, हात आपोआप चालतो, उगीच मुलाची झोंप कां मोडावी?’ खरें कारण झोंपेचें नव्हतें. भाच्यापुढें आपलें अनवधान उघडें पडेल ही लाज होती. हात आमचा, परीक्षकही आम्हीच. आणि परीक्षक उमेदवाराला खुशाल गुण वाढीत होता.

पहाटे आम्हीं भाच्याला उठवून सांगितलें. तो एक शब्दही बोलला नाहीं. त्यानें पुन्हां जॅक लावला, गाडी स्टँडांवर घेतली, चाक काढलें, पाना चढविला. ‘टक्’ असा आवाज आला. बोल्ट जागचा हललाही नाहीं. म्हणजे तो आदल्या दिवशींच नीट आवळला होता.

मग ही यातायात व्यर्थ गेली काय? आणि प्रत्येक शंकेसाठीं असें चाक काढीत बसल्यास संसार कसा चालावा? हा आक्षेप रास्त आहे. वहमाला अंत नसतो. परंतु आमची शंका वहम नव्हती. एक आवाज आठवत होता, दुसरा आठवत नव्हता. शिवाय ती फेडण्याची किंमत अर्धा तास व थोडी लाज एवढीच होती आणि ती आम्हांला द्यावयाची होती. न फेडण्याची किंमत पडलीच असती तर ती त्या पोरीला पडली असती. जेथें कसूर आपली आणि जोखीम दुसऱ्याची, तेथें बोल्ट पुढें घट्ट निघाला किंवा ढिला निघाला यावर आपलें कर्तव्य ठरत नाहीं. तें रात्रींच ठरलेलें होतें. सकाळपर्यंत केलेला विलंब हाच आमचा अपराध.

भाच्यानें मग पांढरा रंग घेऊन आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर एक बारीक रेघ ओढली. कारागीर अशी खूण करतात, असें तो म्हणाला. पुन्हां आठवावें लागत नाहीं, आणि बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

तें पाहतांना आम्हांला वीस वर्षांपूर्वींची एक संध्याकाळ आठवली. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा लाखबंद केल्यावर एका पत्रिकेच्या बेरजेविषयीं आम्हांला शंका आली होती. ‘बरोबरच असेल,’ असें म्हणून आम्हीं तो तसाच पाठविला. ती बेरीज बरोबर होती कीं नाहीं, हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. तो विद्यार्थी आज चाळिशीच्या घरांत असेल.