शून्याची नोंद

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी शोधत दिवसभर पायपीट करून आलेल्या माणसाला संध्याकाळी तक्त्यात ‘०’ लिहायला लावणं, हे गणना-पथकाच्या प्रमुखाचं सर्वांत अवघड काम आहे, असं माझं मत झालं आहे. गाड्या, पाणी, दुर्बिणी, जीपीएस यांची जुळवाजुळव दमवते, पण ती जमून जाते. शून्य मात्र हातून लिहवत नाही. ‘काय बी दिसलं नाही मॅडम, मग लिहायचं काय?’ असं म्हणून माणसं रकाना कोरा सोडतात.

कोऱ्या रकान्यावरून तिथं कुणी गेलं होतं की नाही, एवढंसुद्धा कळत नाही. शून्य सांगतं की माणूस उजाडताना निघाला, ठरलेला पट्टा पुरा चालला, थांबून थांबून दुर्बिणीतून बघितलं आणि माळढोक दिसला नाही. ही पक्की माहिती आहे, आणि तिच्यामागे घाम आहे.

हे सोलापूरकडे फार महत्त्वाचं ठरतं, कारण इथं एका पक्ष्याच्या आकड्यावर माणसांचं बरंच काही अवलंबून आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून काही माळांवर चराई थांबवून गवत राखलं गेलं. बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे जाणकारांचं लक्ष वेधलं आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. त्याचा विस्तार ८,४९६ चौरस किलोमीटर होता! गावं, शेतं, बाजारपेठा सगळं त्यात आलं. जमिनीचे व्यवहार अडू लागले आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी अढी बसली. २०१२ मध्ये ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी जवळपास संपले होते. अलीकडच्या गणनांमध्ये एखादी मादी दिसली, तर तीच बातमी होते.

अशा ठिकाणी ‘दिसला’ आणि ‘दिसला नाही’ या दोन्ही उत्तरांची वाट बघणारे लोक असतात. पक्षी नाही म्हटलं, तर अभयारण्य कशाला, असा प्रश्न येतो. आहे म्हटलं, तर शेतकऱ्याला पुन्हा निर्बंधांची धास्ती वाटते. पथकातल्या रोजंदारीवरच्या वनमजुराला वाटतं, पक्षी गेला म्हणजे आपलं कामही गेलं. त्याच्यावर थेट दबाव आणायची कुणाला गरजच पडत नाही, भीती पुरते. म्हणून प्रमुखानं पहिल्या दिवशीच सगळ्यांदेखत सांगावं लागतं की मजुरी चालण्याची आहे, दिसण्याची नाही. आणि ती वेळेवर हातात पडली, तरच त्या सांगण्याला अर्थ आहे.

शिवाय माळढोक दिसणं सोपं नाही. मादी जेमतेम कमरेएवढी उंच. गवत वाढलेलं असलं आणि ती मान स्थिर धरून उभी राहिली, की अंगाचा मातकट रंग माळात विरून जातो. दिसलीच तर फिकट मान आणि डोक्यावरची काळी टोपी. दहा वाजून गेले की हवा थरथरू लागते आणि लांब बसलेलं काळविटाचं पाडसही काहीच्या काही भासतं. त्या वेळी मी पथकाला सावलीत बसायला सांगते. उन्हात आणखी दोन किलोमीटर रेटून केलेली नोंद मला नको असते.

एका फेरीतलं शून्य म्हणजे पक्षी नाही, असा अर्थ होत नाही. समजा, पक्षी त्या पट्ट्यात आहे आणि एका फेरीत दिसण्याची शक्यता दहात चार. मग सलग तीन फेऱ्यांत तो हुकण्याची शक्यता शंभरात २२ उरते. सहा फेऱ्या केल्या तर ती पाचाच्या खाली येते. हा हिशेब पथकाला एकदा काड्या मांडून समजावला, की सहाव्या फेरीचा कंटाळा बराच ओसरतो. आपलं शून्य मागच्या शून्याला बळ देतंय, हे माणसाला पटतं.

थरच्या वाळवंटातही हेच तत्त्व आहे. भारतीय वन्यजीव संस्थेनं तिथं १४४ चौरस किलोमीटरच्या चौकटी आखल्या. त्यांतल्या कच्च्या वाटांवरून पथकांच्या गाड्या सावकाश फिरल्या. २०१७-१८ च्या गणनेतून अंदाज निघाला १२८ माळढोकांचा, १९ कमी-अधिक. बहुतेकांच्या लक्षात १२८ राहतं. मला तो १९ मोलाचा वाटतो. आपल्याला किती खात्रीनं बोलता येतं, हे तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि पक्षी न दिसलेल्या वाटाही मन लावून नोंदवल्या तरच तो काढता येतो. अशा आकड्यांच्या आधारे माळढोकांना वीजतारांपासून असलेल्या धोक्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९ एप्रिल २०२१ च्या आदेशानं माळढोकांच्या प्रदेशातल्या वीजवाहिन्या शक्य तिथं जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. २१ मार्च २०२४ ला न्यायालयानं तो आदेश बदलून विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. त्या वाहिन्यांतून जाणारी सौरऊर्जा हवी की पक्षी, असं भांडण लावून देणं मला मान्य नाही. पण तिथल्या वाटांवर दिवसभर फिरलेल्या माणसाचा तक्ता वकिलांच्या टेबलापर्यंत जातो, हे त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं.

मी राहते मुंबईजवळ मीरा रोडला, पूनम सागरमध्ये. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं परतले, की तक्ते इथंच तपासत बसते. इथून खाडीकाठ जवळ. तिकडच्या पाणपक्ष्यांच्या गणनेत आकडे शेकड्यांनी पडतात आणि स्वयंसेवक हसतमुखानं परततात. सोलापूरहून फोनवर येणारे तक्ते बघताना मला त्या उत्साहाची सवय बाजूला ठेवावी लागते. लांब बसलेल्या प्रमुखाच्या आवाजात ‘आजही नाहीच का?’ अशी किंचित निराशा आली, तरी पलीकडच्याला ती बरोबर कळते आणि पुढच्या आठवड्यात ‘बहुतेक मादीच होती’ अशी नोंद येऊ शकते. म्हणून फोनवरच्या वनमजूर मामांना मी आधी विचारते, ‘मामा, किती वाजता निघालात? कुठवर गेलात? वारा होता का?’ पक्ष्याचं शेवटी. कधी कधी मामा मध्येच लांडग्याची पावलं, नव्यानं पडलेलं कुंपण, नांगरलेला गवताचा तुकडा असं काही सांगतात. पक्षी का नाही, याचं उत्तर पुष्कळदा तिथंच असतं.

गणनेचा अहवाल छापताना पक्ष्यांच्या संख्येशेजारी चाललेले तास आणि किलोमीटर त्याच आकाराच्या अक्षरांत द्यावेत, आणि पट्टा चाललेल्या वनमजुरांची नावं, त्यांची हरकत नसेल तर, पहिल्या पानावर यावीत, एवढी माझी मागणी आहे. सध्या बहुधा ती परिशिष्टातही नसतात.