वर फेकलेला दगड

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात कला, वाणिज्य आणि विज्ञान अशा तिन्ही शाखांचं जुनं महाविद्यालय आहे. तिथल्या भौतिकशास्त्राच्या सरांचं नाव पंचक्रोशीत आदराने घेतलं जायचं. फळा डावीकडून उजवीकडे शिस्तीत भरत जायचा आणि शेवटचं समीकरण चौकटीत बसायला नि घंटा वाजायला गाठ पडायची. त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्स शेजारच्या तालुक्यापर्यंत फिरत. निकालही चांगला लागायचा. शिकवण्याबद्दल त्यांना कुणी काही सांगावं अशी वेळच आली नव्हती.

जूनमध्ये सत्र सुरू होण्याआधीच्या आठवड्यात तिथे प्राध्यापकांसाठी कार्यशाळा होते. सगळे तिला एफडीपी म्हणतात. शहरातून तज्ज्ञ येतात, पीपीटी होतात, फीडबॅक फॉर्म भरले जातात, ग्रुप फोटो निघतो. सरांच्या कपाटात अशा प्रमाणपत्रांची जाडजूड फाइल होती. ती त्यांनी मनापासून जमवली होती, हेही सांगायला हवं. 1986च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांमधून अ‍ॅकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, 2015 साली त्यांचं नाव मनुष्यबळ विकास केंद्र झालं आणि 2023पासून ती मालवीय मिशनखाली आली. त्यातल्या ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर कोर्सवर प्राध्यापकांची बढती अवलंबून असते. सरांनी ते वेळेवर केले, तिथे विषयातलं नवं ऐकलं, चार मित्र जोडले. पण आपल्या वर्गातल्या पोराच्या डोक्यात नेमकं काय गेलं, हा प्रश्न त्यांना कुठल्याच हॉलमध्ये कुणी विचारला नाही.

एका वर्षी आयक्यूएसीचं, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाचं, काम वनस्पतिशास्त्राच्या मॅडमकडे होतं. बोलावलेल्या दोन्ही पाहुण्यांचं येणं आयत्या वेळी रद्द झालं. प्राचार्य म्हणाले, कार्यशाळा पुढे ढकलू. मॅडम म्हणाल्या, "नको सर. पाहुण्यांशिवाय करू."

महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुलं सुट्टीतही राहत होती. कुणी रोपवाटिकेत, कुणी ग्रंथालयात, कुणी प्रयोगशाळेची कपाटं आवरायला. मॅडमनी त्यांना विचारून बोलावलं आणि त्या वेळाचे पैसे योजनेच्या हिशेबातच धरले. प्राध्यापकांना सांगितलं की आपल्या विषयातला एकच प्रश्न आणा, ज्याचं उत्तर नोट्समध्ये आयतं लिहिलेलं नाही. समोर त्या विषयात उत्तीर्ण झालेला विद्यार्थी बसेल. अर्धा तास त्याला फक्त विचारायचं. समजावून सांगायचं नाही. दुसऱ्या एका शिक्षकाने बाजूला बसून विद्यार्थी जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं.

सुरुवातीला मॅडमनी अमेरिकेतली एक हकिकत सांगितली. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. विद्यार्थ्यांचा त्यांच्याबद्दलचा अभिप्राय उत्तम असायचा. 1990च्या सुमारास त्यांच्या वाचनात हालून आणि हेस्टनीस यांचं संशोधन आलं. भौतिकशास्त्राचा कोर्स पुरा केलेल्या मुलांच्याही बळाबद्दलच्या मूळ समजुती फारशा बदलत नाहीत, असं त्यात दाखवलं होतं. आपल्या मुलांचं असं होणार नाही, असं माझुरना वाटलं. त्यांनी तशीच साध्या भाषेतली चाचणी वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंय त्याप्रमाणे लिहू, की मला एरवी वाटतं त्याप्रमाणे? माझुरनी त्यानंतर शिकवण्याची पद्धतच बदलली आणि 1997 साली त्यावर पुस्तक लिहिलं.

"ते तिकडचं झालं," भौतिकशास्त्राचे सर म्हणाले. "आपली मुलं गणितं सोडवून आलेली असतात." ते ताठ्याने बोलत नव्हते. इतक्या वर्षांचे निकाल त्यांच्यासमोर होते.

त्यांच्यासमोर आली ती पहिल्या वर्षाची परीक्षा दिलेली, वर्गात दुसरी आलेली मुलगी. रोपवाटिकेतून थेट आली होती, नखांत माती होती. बाजूला लिहायला बसल्या रसायनशास्त्राच्या मॅडम. त्या तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या, स्टाफमध्ये वयाने सगळ्यांत लहान.

सरांनी आधी गणित घातलं. 19.6 मीटर प्रति सेकंद वेगाने दगड सरळ वर फेकला, तर तो किती उंच जाईल? मुलीने कागद ओढला, सूत्र लिहिलं, ‘जी’ची किंमत 9.8 घेतली आणि मिनिटभरात उत्तर दिलं. 19.6 मीटर. सरांनी समाधानाने रसायनच्या मॅडमकडे पाहिलं.

"आता सांग, दगड हातातून सुटलाय आणि वर चाललाय. हवेचा विरोध सोडून दे. त्या वेळी त्याच्यावर कुठली बळं आहेत?"

"दोन, सर. खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण आणि वर नेणारं हाताचं बळ."

"हात तर मागे राहिला."

"हो, पण त्याने दिलेला जोर दगडात असतो ना. तो हळूहळू संपत जातो. अगदी वर गेल्यावर दोन्ही सारखे होतात, म्हणून दगड क्षणभर थांबतो. मग गुरुत्वाकर्षण जिंकतं."

सर पुढे झाले. "हे बघ, न्यूटनचा पहिला नियम काय…"

"सर," रसायनच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "समजावायचं नाहीये."

सर मागे टेकून बसले. तो अर्धा तास त्यांना फार जड गेला. ज्याने जन्मभर समजावून सांगितलं, त्याच्या तोंडात वाक्य तयारच असतं आणि ते गिळणं कष्टाचं असतं. तरी त्यांनी गिळलं आणि विचारत राहिले. दगड अगदी वर असताना बळ किती? शून्य, ती म्हणाली. मग तो तिथेच का राहत नाही? ती अडखळली, विचारात पडली, म्हणाली, "गुरुत्वाकर्षण परत सुरू होत असेल." आणि स्वतःच मान हलवली. "नाही. ते बंद कसं होईल?" मग सरांनी विचारलं की परीक्षेत पहिला नियम कसा लिहिला होतास? तिने तो शब्दन् शब्द म्हणून दाखवला.

"मग त्या नियमाचा आणि या दगडाचा काही संबंध?"

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गणितात ‘जी’ उणे घ्यायचा, एवढं पक्कं माहीत होतं, सर. दगडाबद्दल कुणी कधी विचारलं नव्हतं."

तिचं उत्तर वेडगळ नव्हतं, हे इथे मुद्दाम सांगितलं पाहिजे. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ ब्युरिदाँ या मोठ्या विद्वानाने जवळपास हेच मांडलं होतं. फेकणारा वस्तूत एक जोर भरतो आणि तो जोर तिला पुढे नेतो, असं त्याचं म्हणणं. ती समजूत उलथवायला गॅलिलिओ आणि न्यूटन यावे लागले. हातातून सुटलेल्या दगडावर फक्त एकच बळ उरतं, तेही खाली ओढणारं, आणि तरीही तो वर जात राहतो, ही गोष्ट माणसाच्या रोजच्या अनुभवाच्या विरुद्ध आहे. ती फळ्यावर चौकटीत लिहिली म्हणून डोक्यात उतरत नाही. मुलीला तिच्या समजुतीशी एकदा तरी झगडायला मिळायला हवं होतं.

बाकीच्या टेबलांवरही तेच चाललं होतं. महागाईचा दर कमी झाला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या, असं वाणिज्यच्या मुलाने ठामपणे सांगितलं. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी आपल्या विद्यार्थ्याला विचारलं, की एवढ्याशा बीपासून एवढं मोठं आंब्याचं झाड होतं, तर त्या लाकडाचं वजन येतं कुठून? प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण बिनचूक लिहिणारा मुलगा म्हणाला, मातीतून. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं लाकूड होतं, हे त्याच्याच समीकरणात लिहिलेलं होतं.

दुपारी काही जण चिडले. मुलं अभ्यासच करत नाहीत, पाया कच्चा आहे, शाळेतच शिकवत नाहीत. इतिहासाचे सर म्हणाले, अशा कार्यशाळेचं प्रमाणपत्र बढतीला चालणार नाही, मग हा आठवडा वाया. त्यांची तक्रार खरी होती आणि मॅडमनी ती मान्य केली. भौतिकशास्त्राच्या सरांनी मात्र रसायनच्या मॅडमनी लिहिलेले कागद मागून घेतले आणि घरी नेले.

सत्र सुरू झालं. सरांनी पहिल्या आठवड्यात दगडाचाच प्रश्न फळ्यावर लिहिला, खाली चार पर्याय दिले आणि बोटं वर करून उत्तर द्यायला सांगितलं. बहुतेक वर्ग ‘हाताच्या बळा’च्या बाजूने होता. मग ते म्हणाले, शेजारच्याला पटवा. वर्गात गलका झाला. शिपाई दारात येऊन डोकावून गेला. दहा मिनिटांनी पुन्हा बोटं वर झाली तेव्हा काहींनी बाजू बदलली होती, काही हट्टाला पेटले होते. त्यानंतर सरांनी नियम समजावला आणि या वेळी तो ऐकायला सगळे आसुसलेले होते.

या पद्धतीला आधार आहे. 2014 साली अमेरिकेतल्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसती व्याख्यानं असलेल्या वर्गांत सरासरी 33.8 टक्के मुलं नापास होत होती. मुलांना विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत 21.8 टक्के. आपल्याकडे एकेका वर्गात किती मुलं बसतात हे आठवलं, म्हणजे या फरकाचा अर्थ कळतो.

अडचणी आल्याच. पोर्शन मागे पडला. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. सरांनी सांगितलं की तीन सिद्धता मुलांना घरी वाचायला दिल्यात, त्या मी पूर्वी फळ्यावर उतरवून देत होतो. पुढे त्यांनी आणखी एक मागणी केली. सुट्टीतल्या त्या आठवड्यात तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना एक पैसाही मिळाला नव्हता, त्यांचं मानधन फक्त घेतलेल्या तासांचं असतं. "मला जे कळलं ते त्यांच्या कागदांवरून कळलं," सर म्हणाले. "पुढच्या वेळी त्यांचे दिवस धरा, नाहीतर कार्यशाळा घेऊ नका." संस्थेने खळखळ केली, मग त्या दिवसांचं मानधन मंजूर केलं.

ऑगस्टमध्ये सरांनी रसायनच्या मॅडमना विचारलं, की आठवड्यातून एकदा माझ्या तासाला मागे बसाल का? मॅडम संकोचल्या. सरांच्या तासाला बसून सरांनाच काय सांगणार? तरी त्या वही घेऊन बसल्या. तास संपल्यावर स्टाफरूममध्ये चहा घेताना त्यांनी वही उघडली.

"सर, तुम्ही प्रश्न चांगले विचारता. पण विचारल्यावर थांबत नाही. मुलं तोंड उघडायच्या आत तुम्हीच उत्तर देता."

सर म्हणाले, "असं करतो मी?"

"हो. आज प्रत्येक वेळी."

मॅडमनी बी.एड.च्या वेळी वाचलेलं सांगितलं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970च्या दशकात वर्गांतलं बोलणं टेप करून मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तेच तीन सेकंद थांबले, की मुलांची उत्तरं लांब होत आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागत.

दुसऱ्या दिवशी सरांनी घर्षणावर प्रश्न विचारला आणि मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन. कुणीच बोललं नाही. चार. तिसऱ्या बाकावरचा, सत्र सुरू झाल्यापासून एकदाही न बोललेला मुलगा उभा राहिला. त्याचं उत्तर चूक होतं.

"तुला तसं का वाटतं, ते सांग," सर म्हणाले आणि खडू खाली ठेवून त्याचं ऐकायला टेबलाच्या पुढे आले.