फावल्या वेळेचा सौदा

मगरिबची नमाज अदा करून घरी परतलेला माणूस टीव्ही का लावतो? कार्यक्रम पाहावयाचा असतो म्हणून, असे उत्तर आपण सहज द्याल. परंतु थोडे निरीक्षण करा. तो आधी टीव्ही लावतो आणि काय पाहावे ते मागाहून शोधतो. म्हणजे ओढ कार्यक्रमाची नसते.

दिवसभर इतरांची मर्जी सांभाळून थकलेल्या माणसाला असे काही हवे असते, जे त्याच्याकडे काहीच मागत नाही. पत्नीला बोलावयाचे असते, मुलाला गणित समजून घ्यावयाचे असते. टीव्हीला काहीच नको असते. शिवाय निवांतपणात माणूस स्वतःच्या समोर येतो. फेडावयाचे राहिलेले कर्ज, भावाशी धरलेला अबोला, कजा झालेल्या नमाजी, हे सारे त्या शांततेत बोलू लागते. आवाज चालू असला की ते ऐकू येत नाही.

आपल्याकडील चर्चा बहुधा जायज-नाजायज एवढ्यावरच थांबते. अश्लील दृश्ये त्याज्यच आहेत. त्यावर दुमत नाही. पण अगदी निर्दोष कार्यक्रमापुढे रोज चार तास गेले तर? आरोग्य आणि फावला वेळ या दोन देणग्यांच्या बाबतीत पुष्कळ लोक तोट्यात राहतात, अशा आशयाची प्रेषित मुहम्मद (स.) यांची हदीस सहीह बुखारीत आहे. तेथील मूळ अरबी शब्द ‘मगबून’ बाजारातला आहे. सौद्यात नाडला गेलेला, मोलाची वस्तू कवडीमोलाने देऊन बसलेला, तो मगबून. त्याच्याकडे चोरी झालेली नसते; त्याने माल आपल्याच हाताने दिलेला असतो.

मग पाहणेच वाईट म्हणावे काय? तसेही नाही. हबशी लोक मस्जिदीत भाल्यांचे खेळ करीत होते, तेव्हा प्रेषितांनी (स.) आदरणीय आयशा (रजि.) यांना आपल्या चादरीचा आडोसा करून ते दाखविले आणि त्यांचे मन भरेपर्यंत स्वतः उभे राहिले. या प्रसंगात मला दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. पाहणाऱ्याच्या सोबत कोणीतरी होते, आणि मन भरण्याचा एक क्षण आला.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपण संध्याकाळचे काही तासच असे. ज्याच्या घरी संच, त्याच्या घरी शेजारीपाजारी दाटीने बसत. वेळ संपली की पडदा आपोआप काळा होई. आज वाहिन्या चोवीस तास चालतात, आणि मोबाइलवर तर एक भाग संपण्यापूर्वीच दुसरा सुरू होतो. मन भरण्याचा क्षण येऊच नये, अशीच ही रचना आहे.

तरीही दोष देताना जपून. आमच्या मोहल्ल्यातील एका वृद्धेच्या घरी सकाळपासून टीव्ही चालू असतो. मुले आखातात. कोणती मालिका चालली आहे, असे मी एकदा विचारले. त्या म्हणाल्या, “ते ठाऊक नाही, बेटा. घरात कुणीतरी बोलतंय, एवढंच.” मग त्यांनी टीव्ही बंद केला, आणि मी निघेपर्यंत तो पुन्हा लावला नाही.