पाण्याचं विरजण

भुसावळात बोअरच्या पाण्याला नावं ठेवत नाही असं घर विरळाच. या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर बघता बघता पांढरा थर चढतो. जामनेर रोडला रंगीत माशांचं छोटं दुकान चालवणारे एक काका मात्र या पाण्याबद्दल कधी वाईट बोलत नसत. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांनी दुकान टाकलं होतं. नवीन गिऱ्हाईक आलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मासे नंतर बघू. आधी घरचं पाणी बाटलीत भरून आणा."

मार्च महिन्यात असंच एक गिऱ्हाईक आलं. मालगाडीवर लोको पायलट म्हणून नुकतीच बढती मिळालेला तरुण. नवा फ्लॅट, हॉलमध्ये चार फुटी टाकी ठेवायची हौस, आणि आठ दिवसांवर वास्तुशांत. त्याला डिस्कस हवे होते. थाळीसारखे गोल, महागडे, पाहुण्यांनी थांबून बघावेत असे.

पाणी आलं. काकांनी ते काचनळीत घेऊन थेंब टाकले आणि रंग तक्त्याशी लावून पाहिला. पीएच आठच्या वर, क्षार भरपूर.

"डिस्कस विसरा भाऊ. तो ॲमेझॉनकडचा मासा. त्याला मऊ, जरासं आम्ल पाणी लागतं. तुमच्या बोअरच्या पाण्यात तो कायम कण्हत राहील. या पाण्याला मलावीचे मासे लावा."

मलावी सरोवर आफ्रिकेत आहे; मलावी, टांझानिया आणि मोझांबिक या देशांना लागून. खोली सातशे मीटरच्या आसपास, पाणी अल्कधर्मी, आणि त्यात सिक्लिड कुळातल्या शेकडो जाती, ज्या जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. हे कूळ आपल्याला अगदीच परकं नाही, हेही काकांनी सांगितलं. कोकणातला काळुंदर त्यातलाच. १९५२ साली भारतात आणलेली तिलापिया, जिला उजनीकडे चिलापी म्हणतात, तीही त्यातलीच. ज्या पाण्यावर अख्खी कॉलनी वैतागलेली, त्याच पाण्यात कुणी सुखाने नांदू शकतं याचं त्या तरुणाला नवल वाटलं. डिस्कसचा हट्ट त्याने तिथेच सोडला.

टाकी घरी आली. चार बाय दीड बाय दीड फूट म्हणजे अडीचशे लिटर पाणी, नुसत्या पाण्याचंच अडीचशे किलो ओझं. काकांनी स्वतः येऊन स्टँड लेव्हलमध्ये आहे का ते तपासलं, काचेखाली थर्मोकोलची शीट घातली. तापीकाठचे काळे दगड घासून, उकळून ठेवलेले होते. तरुणाने आधी रेती पसरायला घेतली तेव्हा काकांनी त्याचा हात धरला. हे मासे रेती उकरतात. रेतीवर रचलेल्या दगडाखालची रेती त्यांनी एका रात्रीत काढली, तर दगड कोसळून काच फुटते किंवा मासा चिरडतो. म्हणून मोठे दगड आधी तळावर, जाळीच्या तुकड्यावर, घट्ट बसवायचे. रेती त्यानंतर. दगडांमध्ये कपारी अशा ठेवायच्या की मार खाणाऱ्या माशाला पळून जायला जागा राहील, कारण हे मासे आपल्या हद्दीसाठी जीव तोडून भांडतात.

संध्याकाळी टाकी भरली, फिल्टर सुरू झाला, दिवा लागला. तरुणाने पाकीट काढलं. "काका, उद्या मासे घेऊन येतो."

"उद्या नाही. महिन्याने."

"वास्तुशांत आहे हो काका! पन्नास माणसं येतील. पैसे रोख देतोय ना मी!"

काकांच्या दुकानाचं भाडं थकलेलं होतं. पंधरा मासे विकले असते तर निम्मं फिटलं असतं. तरी त्यांनी पाकिटाकडे पाहिलं नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते सौम्य. दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. ते वाढायला चार-सहा आठवडे लागतात. शिवाय अल्कधर्मी पाण्यात, उन्हाळ्यात, अमोनिया जास्तच जहरी होतो. म्हणजे जे पाणी या माशांना मानवतं, तेच पाणी घाई करणाऱ्याला माफ करत नाही.

त्यांनी आपल्या दुकानातल्या जुन्या फिल्टरचा तपकिरी, बुळबुळीत स्पंज आणला होता. अर्धा कापून तो नव्या फिल्टरमध्ये बसवला. "याने काम लवकर होईल, पण आठ दिवसांत नाही. याचे पैसे नाहीत. फक्त धुवू नका. आणि रोज चिमूटभर खाणं टाका."

"मासे नसताना खाणं कुणाला?"

हा प्रश्न तरुणाचा. त्याच्या आईने मात्र तो विचारला नाही. ती मघापासून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिने स्पंज बघितला, पाणी बघितलं आणि एवढंच म्हणाली, "विरजण लावलंत म्हणा की."

त्या दिवसापासून ती रोज सकाळी देवपूजा झाली की रिकाम्या टाकीत चिमूटभर दाणे टाकू लागली. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा शाळेत जाताना डोकावून विचारायचा, "आजी, मासे आले का?" शेजारणी हसायच्या. थेंबांची परीक्षा ती शिकली. अमोनियाची नळी पिवळ्याची हिरवी झाली, तसा तिने कॅलेंडरवर तारखेशेजारी 'हिरवा' असं लिहून ठेवलं.

वास्तुशांतीच्या आदल्या रात्री तरुण ड्यूटीवरून परतला तो हातात पिशवी घेऊनच. बाहेरगावच्या एका दुकानातून त्याने पंधरा पिवळेजर्द मासे आणले होते. फुगवलेल्या पिशवीत ते एकमेकांवर आदळत होते. आईने रागावून काही म्हटलं नाही. नुकतीच तपासलेली नळी तिने ट्यूबलाइटखाली धरली. गडद हिरवी.

"यात टाकणार आहेस?"

तो बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिला. मग रात्री साडेदहाला, तशीच पिशवी घेऊन, त्याने काकांच्या घराचं दार वाजवलं. दुसऱ्याकडून आणलेला माल आपल्या दारात ठेवायला कुणीही नाही म्हटलं असतं. काकांनी गाडीला किक मारली, दुकान उघडलं, एका रिकाम्या, जुन्या टाकीत पिशवी तरंगत ठेवली आणि तास-दीड तास बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडत बसले. ठेवण्याचे किती, असं तरुणाने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माशांचं काय चुकलं?" माझ्या लेखी काका मोठे ठरतात ते इथे. गिऱ्हाईक दुखावलं, विक्री गेली, आणि वर पंधरा जीव सांभाळायला आले; यातल्या एकाही गोष्टीचा हिशेब त्यांनी मांडला नाही.

वास्तुशांत झाली. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत उठली. जो तो टाकीसमोर थांबून विचारी, "मासे कुठायत?" तरुण कान पाडून उभा असे, उत्तर आई देई, "विरजण घातलंय. मासे मागून येतील." दोन-तीन बायकांना ते लगेच पटलं. पुरुषमंडळींना नीट समजावून सांगावं लागलं.

एप्रिल उतरत आला तेव्हा हिरवा रंग गेला, मग नायट्राइटचा जांभळाही गेला. काका मासे घेऊन आले. सगळे एकाच दिवशी सोडले, म्हणजे कुणी आधी येऊन मालक होणार नाही. दिवा बंद ठेवला. पहिल्या तासात ते कपारींत गडप झाले, आणि दुसऱ्या सकाळी पिवळी झळक दगडादगडांतून फिरू लागली.

मेमध्ये पारा पंचेचाळीसवर गेला आणि एका रात्री वीज गेली. फिल्टर थांबला. गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो. तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. आईने झाकण काढलं. फिल्टरच्या बंद डब्यातला स्पंज काढून तिने टाकीतच सोडला, कारण बंद डब्यात जिवाणूही गुदमरतात हे काकांनी तिला सांगून ठेवलं होतं. मग मायलेक आळीपाळीने तांब्याने पाणी उचलून वरून धार धरत राहिले. मोबाइलच्या उजेडात, घामाने निथळत, पहाटेपर्यंत. हात भरून आला की दुसऱ्याने तांब्या घ्यायचा. वीज आली तेव्हा पंधराच्या पंधरा मासे खाली उतरले होते.

जूनच्या सुरुवातीला एका मादीने खाणं सोडलं. हनुवटी फुगलेली, तोंड मिटलेलं, दाणा समोर आला तरी बाजूला व्हायची. आईने घाबरून काकांना फोन केला. ते हसले. "आजारी नाही ताई. अंडी तोंडात आहेत. पिल्लं सुटी होईपर्यंत तीन आठवडे ती काही खाणार नाही." मग आईने तिच्या कपारीकडच्या बाजूला टॉवेल लावला आणि घरात कुणाला काचेवर टकटक करू दिली नाही.

पिल्लं दिसली ती दगडांच्या फटींत, डोळेच डोळे असलेली, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. ही बातमी खालच्या मुलाला सगळ्यात आधी कळली. वडिलांनी त्याला दोन फुटी जुनी टाकी आणून दिली होती. ओंजळ पुढे करूनच तो वर आला.

आईने फिल्टर उघडला, स्पंजाचा एक तुकडा कापून टाकीच्याच पाण्यासकट डबीत घातला. "नळाखाली धुवू नको हं. नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्याने जिवाणू मरतात. रोज चिमूटभर खाणं टाक."

"महिनाभर?"

"बघू. दर रविवारी पाणी आण, आपण तपासू."

पहिल्या रविवारी नळी हिरवी. दुसऱ्या रविवारीही हिरवी, जराशी फिकी. मुलाने तक्रार केली नाही. काचेला नाक लावून तो बसला आणि दगडामागून सारखं बाहेर येणारं एक धीट पिल्लू त्याने हेरून ठेवलं. "आजी, हे माझं. बाकीची कुणालाही द्या."