पगार मोठा की वेळ मोकळी?

शिक्षण अर्धवट सोडून कामाला लागलेला माणूस पुन्हा पुस्तक हाती घेतो, तेव्हा परीक्षेच्या आधीच एक परीक्षा त्याच्यापुढे उभी राहते. जास्त पगाराचे काम धरावे, की पगार कमी असला तरी अभ्यासाला वेळ उरू देणारे? प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. पण तो नीतीचाही आहे.

आमचे बुऱ्हाणपूर यंत्रमागांचे गाव. मागावरची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर. माग चालेल तितका पैसा. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि भोपाळचे भोज मुक्त विद्यापीठ १९९१ साली निघाले, तेव्हापासून काम न सोडता पदवी घेण्याची वाट खुली झाली. मात्र दिवसाचे तास चोवीसच राहिले.

समजा, एका तरुणापुढे दोन कामे आहेत. एक मागावरचे, बारा तासांच्या पाळीचे, पैसे बरे. दुसरे दुकानात हिशेब लिहिण्याचे, आठ तासांचे, पैसे कमी. त्याला बी. ए. पुरे करायचे आहे. घरी आई आजारी, धाकटी बहीण शाळेत. आपण चटकन म्हणतो, ‘शिक्षणासाठी थोडा त्याग कर.’ पण त्याग कोण करणार? पगार कमी झाला तर औषध आईचे चुकेल, फी बहिणीची थकेल. दुसऱ्याच्या ताटातली भाकर न विचारता उचलणे, याला त्याग म्हणता येत नाही.

उलट ‘आधी कमव, मग शीक’ हा उपदेशही पुरा नाही. ते ‘मग’ पुष्कळदा येतच नाही. शिवाय आजची मजुरी उद्या राहीलच असे नाही. लालबागच्या ताप्ती मिलची यंत्रे २०२० च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हा हे गावाने पाहिले.

जोतीराव फुले यांची शाळा मध्येच सुटली होती व ते मळ्यात राबत होते. गफारबेग मुन्शी व लिजिटसाहेब यांनी वडिलांचे, गोविंदरावांचे, मन वळवले आणि १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत परत गेले. आपण जोतीरावांची जिद्द आठवतो. पण मळ्यातले दोन हात कमी झाले, ते गोविंदरावांचे. त्यांच्या संमतीवाचून ती जिद्द किती पुरली असती? पुढे १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यालाही शिकता यावे, अशी ती सोय होती.

म्हणून आम्हांला वाटते, निर्णय एकट्याने करू नये. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेण्याचा दाखला प्रभूने दिला आहे. तसे घरच्यांनी एकत्र बसावे. भाडे, किराणा, औषध, फी यांना किती लागते ते कागदावर मांडावे. तेवढे भागत नसेल, तर जास्त पगार घेण्यात लोभ नाही. ते कर्तव्य आहे, आणि अशा वेळी एखादे वर्ष थांबण्यात किंवा थोडेच विषय घेण्यात कमीपणा नाही. तेवढे भागत असेल, तर त्यावरच्या रुपयांपेक्षा रोजचे दोन तास मोलाचे. ओढ किती वर्षे सोसायची, हेही तेव्हाच ठरवावे. मुदत माहीत असली की ओझे उचलवते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. ‘सवडीने या’ म्हणणारे प्रत्येक काम मोकळे नसते. सूत आले की बोलावणे, नसले की घरी बसणे, ही सवड मालकाची, कामकऱ्याची नव्हे. अभ्यासाचे तास ठरलेले राहतील का आणि परीक्षेच्या दिवशी सुटी मिळेल का, हे आधीच विचारून घ्यावे.

आणि आपण मंडळीने काय करावे? मंदिराची एक खोली संध्याकाळी दिवा लावून उघडी ठेवता येईल. शब्बाथ शाळेचा एखादा तरुण शिक्षक परीक्षेच्या दिवसांत वर्गावर आला नाही, तर ‘तो ढिला पडला’ असे म्हणू नये. त्याचा वर्ग आपण घ्यावा. त्याच्या शिक्षणाचा खर्च त्याचे घर सोसतच आहे. त्यातला तेवढा वाटा आपण उचलावा.